पिग्मीच्या वहीतलं इथेनॉलचं पान

मी पिग्मी एजंट आहे, म्हणजे पतसंस्थेसाठी लोकांची रोजची बचत गोळा करतो. हडपसरच्या मंडईतून सुरुवात करायची, मग गाडीतळ, मुंढवा, मांजरी, आणि रात्री फुरसुंगीला घरी. कुणाचे वीस, कुणाचे पन्नास, एखाद्या हॉटेलवाल्याचे दोनशे. दिवसाला चाळीसेक किलोमीटर होतात, महिन्याला सव्वीस दिवस. कमिशन पतसंस्था देते, पेट्रोल मात्र माझ्या खिशातलं. त्यामुळे गाडी घेतली त्या २०१३ पासून पेट्रोलची नोंद वहीच्या शेवटच्या पानांवर ठेवतो. शंभर सीसीची, कार्बोरेटरवाली साधी गाडी आहे.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये जो तो ई-२० वर बोलायला लागला. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, म्हणजे ऊस-धान्यापासूनचं अल्कोहोल, त्यानं गाड्या बसल्या, मायलेज गेलं. मंडईतला कांदेवाला म्हणाला, "माझं अ‍ॅव्हरेज निम्म्यावर आलं." मीही घरी येऊन वही काढली. २०१९ सालचा माझा आकडा होता लिटरला ६३ किलोमीटर. नवीन हिशोब केला, तर ५१. बारा किलोमीटर गायब! आठवडाभर मी पण मंडईत सरकारला शिव्या घालत फिरलो.

शिव्या थांबल्या त्या गॅरेजवाल्यामुळे. ऑइल बदलायला गाडी नेली होती. त्यानं ती मेन स्टँडवर घेतली, न्यूट्रल करून मागचं चाक हातानं फिरवलं, तर ते अर्ध्या फेरीतच थांबलं. "काका, ब्रेक धरतोय. तुम्ही रोज ब्रेक दाबूनच फिरताय." लायनर फुगलेले, चेन कोरडी, एअर फिल्टरमध्ये मांजरी रोडची अख्खी धूळ. टायरमध्ये हवा किती, ते तर विचारूच नका. सगळं नीट करून घेतलं आणि पुढच्याच टाकीला आकडा ५८ च्या आसपास आला. म्हणजे बारातले सात किलोमीटर माझ्याच आळसाचे. इथेनॉलच्या नावावर मी माझा ब्रेक खपवत होतो.

मग डोक्यात बसलं की नीट मोजायचंच.

मोजणं वाटतं तितकं सोपं नाही. पंपावर "दोनशेचं टाक" म्हणून मायलेज कळत नाही. पद्धत एकच: टाकी फुल करायची, ट्रिप मीटर नसेल तर किलोमीटर लिहून घ्यायचे, गाडी चालवायची, पुन्हा फुल करायची आणि दुसऱ्या वेळी जितके लिटर गेले त्यानं किलोमीटरला भागायचं. पण गाडी साइड स्टँडवर असली तर टाकीत पेट्रोल कमी मावतं आणि मेन स्टँडवर जास्त. माझ्या पहिल्या दोन नोंदी यातच वाया गेल्या. नंतर ठरवून टाकलं: तोच पंप, तेच मशीन, मेन स्टँड, आणि नोझल पहिल्यांदा कट झालं की थांबायचं. वरून "जरा अजून" नाही. हवा दर शुक्रवारी. रस्ताही तोच, कारण लोकांचे वीस रुपये माझ्यासाठी रस्ता बदलत नाहीत.

अशा तीन टाक्या ई-२० वर काढल्या. एकूण १,३५६ किलोमीटर, २३.३ लिटर. सरासरी ५८.२. तीन टाक्यांमध्ये मात्र ५७ पासून साडे-५९ पर्यंत फरक होता, तेही पेट्रोल तेच आणि रस्ता तोच असताना. एकाच टाकीवरून "दोन किलोमीटर घसरलं" म्हणणाऱ्याचं मी तेव्हापासून मनावर घेत नाही.

आता तुलनेला बिनइथेनॉलचं पेट्रोल हवं, आणि खरी अडचण तिथंच आहे. साध्या पंपावर ते मिळतच नाही. पुण्यात काही पंपांवर शंभर ऑक्टेनचं महागडं पेट्रोल मिळतं, त्यात इथेनॉल नसतं असं ऐकलं होतं. ऐकण्यावर विश्वास ठेवायचा नाही, ही पिग्मीची पहिली शिकवण. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून १०० मिलीचं काचेचं मोजपात्र आणलं. त्यात २० मिली पाणी घेतलं, पाण्यात निळ्या शाईचे दोन थेंब टाकले, वर ८० मिली पेट्रोल. हे सगळं उघड्यावर, गच्चीत, जवळपास काडी-उदबत्ती काही नसताना. तोंड बंद करून हलवलं आणि दहा मिनिटं ठेवून दिलं. इथेनॉल पेट्रोलपेक्षा पाण्याशी लवकर सलगी करतं. पेट्रोल सोडून ते खाली पाण्यात उतरतं. माझी निळी रेघ २० वरून ३५ वर गेली. ८० मिलीत १५, म्हणजे पावणेएकोणीस टक्के. घरगुती मोजमापाला वीसच म्हणायचं. शंभर ऑक्टेनवाल्याचा नमुना घेतला, तर निळी रेघ २० वरून हललीच नाही. बायको दारातून बघत होती. म्हणाली, "अहो, बारावीला हे केलं असतं तर पिग्मी गोळा करायची वेळ आली नसती."

गाडी रिझर्व्हला आल्यावर कॉकची नळी काढून उरलेलं पेट्रोल शेजाऱ्याच्या गाडीत ओतलं आणि महागडं भरलं. पंपावरचा मुलगा दोनदा विचारून गेला, "बाइकलाच ना?" त्याचंही बरोबर होतं. ऑक्टेन म्हणजे ताकद नाही. इंजिनात पेट्रोल आधीच भडकून ठोके देऊ नये, यासाठीची ती सहनशक्ती आहे, आणि माझ्या शंभर सीसीला तिची गरज नाही. उलट इथेनॉलचा ऑक्टेन मुळातच जास्त असतो. मला ऑक्टेन नको होता, फक्त इथेनॉल नको होतं.

मध्ये दिवाळी आली, हडपसरला गाड्या तासतास अडकायला लागल्या. ते दिवस मोजणीत नकोत म्हणून गाडी घरी लावली आणि एसटीनं गावी गेलो, मिरज तालुक्यात.

गावी दादाचा तीन एकर ऊस आहे. त्याच्यापुढे इथेनॉलविरुद्ध बोलायचं म्हणजे जेवणाच्या ताटावरून उठायची तयारी ठेवायची. त्याचं म्हणणं सरळ आहे: कारखान्याला नुसत्या साखरेवर भागत नाही. इथेनॉल करणाऱ्या डिस्टिलरीचे पैसे लवकर येतात, मग उसाचं बिल वेळेवर निघतं. २०२५-२६ च्या हंगामाला एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान भाव, क्विंटलला ३५५ रुपये, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला. "तो आकडा कागदावर राहणार की खात्यावर येणार, ते या डिस्टिलरीवर ठरतंय. तू एक लिटरसाठी रडतोयस." डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला लगाम घातला होता, तेव्हाचे दिवस तो अजून विसरलेला नाही. मिरजेचा आणि इथेनॉलचा संबंध तसा जुनाच आहे. २००१ मध्ये पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळायचा पहिला प्रयोग देशात तीन ठिकाणी झाला, त्यातली दोन ठिकाणं मिरज आणि मनमाड. दादाला मी एवढंच म्हटलं की आता निम्म्याहून जास्त इथेनॉल मक्यासारख्या धान्यापासून होतंय, त्यामुळे माझ्या टाकीतलं सगळं काही तुझ्या उसाचं नाही. त्यावर त्यानं चकली पुढे केली आणि विषय बदलला.

पुण्याला परतून महागड्या पेट्रोलच्या दोन टाक्या पूर्ण केल्या. ९८६ किलोमीटर, १६ लिटर. सरासरी ६१.६. सकाळी चोक कमी वेळ ओढावा लागतो, एवढं मला जाणवलं. चालवताना बाकी काही कळलं नाही.

म्हणजे ६१.६ विरुद्ध ५८.२. साडेपाच टक्के कमी. हे कुठून येतं ते समजायला फार शिकावं लागत नाही: एक लिटर इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश. पाचव्या हिश्श्यात तिसरा भाग कमी, म्हणजे एकूण साडेसहा-सात टक्क्यांची तूट कागदावर बसते. माझी थोडी कमी आली, पण दोन-तीन टाक्यांच्या चुकीत ते खपून जावं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या दुचाकींना ३ ते ४ टक्के आणि जुन्या चारचाकींना ६ ते ७ टक्के घट सांगितली आहे. माझा आकडा दोन्हींच्या मधला. कांदेवाल्याचं "निम्मं" मात्र कुठल्याच कागदावर बसत नाही. त्याला ब्रेक तपासायला सांगितलं, त्याला राग आला.

पण मायलेज हा अर्धाच हिशोब. माझ्या वहीत रुपये लिहिलेले असतात. साधं ई-२० पेट्रोल तेव्हा १०४ च्या आसपास होतं, म्हणजे किलोमीटरला १ रुपया ७९ पैसे. शंभर ऑक्टेनचं १६० च्या घरात, म्हणजे २ रुपये ६० पैसे. साडेपाच टक्के वाचवायला मी किलोमीटरमागे ८१ पैसे जास्त मोजत होतो. महिन्याच्या १,०४० किलोमीटरला आठशे चाळीस रुपये. तुलनेसाठी घातलेले २,५६० रुपये बायकोनं वेगळ्या रकान्यात लिहून ठेवलेत, लाल पेननं.

माझी खरी तक्रार दुसऱ्याच आकड्याबद्दल आहे. बिनइथेनॉलचं पेट्रोल मला याच १०४ ला मिळालं असतं, तर किलोमीटर १ रुपया ६९ पैशांना पडला असता. दहा पैसे कमी. महिन्याला बरोबर एक लिटर. उलट करून बघा: ई-२० मध्ये कमी ऊर्जा आहे, तर त्याचा भाव ९८ रुपयांच्या आसपास असायला हवा, तेव्हा माझी फिट्टंफाट. हे मी मनानं म्हणत नाही. कमी ऊर्जेची भरपाई म्हणून मिश्रित पेट्रोल बिनइथेनॉलच्या पेट्रोलपेक्षा स्वस्त असावं, असं त्याच २०२१ च्या अहवालात सुचवलं होतं. तसं झालं नाही. इथेनॉलच महाग झालंय: २०२४-२५ च्या वर्षात मक्याच्या इथेनॉलला तेल कंपन्या लिटरला ७१ रुपये ८६ पैसे मोजत होत्या, आणि इथेनॉलचा सरासरी भाव रिफायनरीतून निघणाऱ्या पेट्रोलच्या वर गेला. कंपनीला स्वस्त पडत नाही म्हणून मला स्वस्त नाही, इथपर्यंत समजलं. पण मग टाकीत कमी ऊर्जा येतेय हे पावतीवर तरी लिहा. मी वीस रुपये घेतले तर पुस्तकात वीसच लिहितो.

गाडीच्या तब्येतीबद्दल विचाराल तर एकच गोष्ट झाली. टाकीपासून कार्बोरेटरला येणारी रबरी नळी कडक होऊन टोकाला चिरली. गॅरेजवाला म्हणाला, "इथेनॉल." माझ्या मते बारा वर्षांची नळी कशानंही चिरते. नवी घेताना मात्र ई-२० ला चालणारीच मागून घेतली. पावसाळ्यात गाडी आठवड्यापेक्षा जास्त उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवत नाही, कारण रिकाम्या जागेतल्या हवेची ओल इथेनॉल ओढून घेतं.

दादाला फोनवर आकडे सांगितले. तो थोडा वेळ गप्प होता. "म्हणजे महिन्याला एक लिटर. वर्षाला बारा."

"साडेबाराशे रुपये," मी म्हटलं.

पुढच्या आठवड्यात गावाहून येणाऱ्या एकाबरोबर त्यानं काकवीची कॅन पाठवली. पाच लिटरची. वर चिठ्ठी: बाकी पुढच्या हंगामात.