जिम्नी, २३५/७५: पिंच वेल्ड ठोकला, घासणं सुटेना

सुझुकी जिम्नीला २३५/७५ आर १५ मापाचे मोठे टायर घातले आणि ते चाकाच्या खोबणीत घासायला लागले. त्यावर मागच्या नोंदीत ठरलेलं पिंच वेल्डचं (खोबणीत बॉडीचे पत्रे जोडणारी बाहेर आलेली पट्टी, ती मागे ठोकायची) काम झालं, पण घासणं थांबलेलं नाही. फक्त जागा बदलली.

गाडी तीच: २ इंच लिफ्ट (उंच स्प्रिंगांनी बॉडी वर उचललेली), १५×६.५ रिम, ईटी (रिमचा ऑफसेट) ०. मूळ १९५/८० आर १५ चा व्यास ६९३ मिमी, या टायरचा ७३३. म्हणजे त्रिज्या २० मिमीने वाढली, कड बाहेर २५ आणि आत १५ मिमी सरकली. कंपनीच्या साडेपाच इंची रिमवर हा टायर चढवू नका, त्याला किमान ६ इंच रुंदी लागते.

पिंच वेल्ड मात्र सुरेख बसला. ग्राइंडर लावलाच नाही, कारण त्या पट्टीतल्या स्पॉट वेल्डनीच पत्रे एकमेकांना धरलेले असतात. दीड किलोच्या हातोड्याने, चार फेऱ्यांत, थोडी थोडी मागे दुमडली. एकदम दुमडली तर पत्रा फाटतो. दोन्हीकडे १६ मिमी जागा मिळाली! सीलंट तडकतोच. तारेच्या ब्रशने पत्रा उघडा करून इपॉक्सी प्रायमर, तो वाळल्यावर पीयू सीलंट, मग अंडरबॉडी कोटिंग (गाडीच्या पोटाला लावायचा संरक्षक थर). तडकलेल्या सांध्यावर थेट डांबरी कोटिंग फासणाऱ्या गॅरेजांपासून लांब राहा. पाणी आत अडकतं आणि गंज दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. लायनरच्या (खोबणीतल्या प्लास्टिक अस्तराच्या) क्लिपा दहाएक जास्त आणा, काढताना तुटतात.

मग खरी परीक्षा: पुढच्या दोन्ही स्प्रिंगा काढल्या, ॲक्सल जॅकवर बंप स्टॉपपर्यंत (ॲक्सल वर जायची शेवटची हद्द ठरवणारा रबरी ठोकळा) उचलला, टायरच्या कडांना खडू फासला आणि स्टिअरिंग या लॉकपासून त्या लॉकपर्यंत, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, फिरवलं. उजव्या लॉकला उजवीकडचा बंपरचा कोपरा पांढरा. डावीकडे बंपर कोरा, पण डाव्या लॉकला टायरची आतली कड लीडिंग आर्मवर (ॲक्सलला मागे चॅसिसशी जोडणारा दांडा) घासते.

पहिला विचार असा होता की डावीकडे १० मिमी स्पेसर (रिम बाहेर सरकवणारी चकती) टाकायचा आणि उजवीकडे बंपर कापायचा. पण स्पेसर एकाच चाकाला घालायची गोष्ट नाही, आणि दोन्हीकडे घातला तर टायर बाहेर जाऊन वळताना मोठा घेर घेतो, म्हणजे बंपर आणखी खातो. शिवाय दोन्हीकडे रिम तेच, टायर तेच, मग घासण्याच्या जागा वेगळ्या का?

गाडी चाकांवर उभी करून आर्चच्या कडेवरून ओळंबा सोडला. उजवं रिम डाव्यापेक्षा १४ मिमी बाहेर! ॲक्सलच ७ मिमी उजवीकडे सरकलाय. लिफ्टमुळे लॅटरल रॉड (ॲक्सलला आडवा जागेवर धरणारा दांडा, एक टोक ॲक्सलवर, दुसरं चॅसिसवर) जास्त तिरपा होतो, त्याची आडवी लांबी घटते आणि तो ॲक्सलला चॅसिसवरच्या आपल्या टोकाकडे ओढतो. दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच दिसतंय. लिफ्ट किटबरोबर ॲडजस्टेबल लॅटरल रॉड न देणं ही माझ्या मते विक्रेत्यांची मोठी चूक आहे.

तेव्हा आता रॉड आधी. लांबी वाढवून ॲक्सल मधोमध आणायचा, रॉडच्या टोकांतल्या रबरी बुशचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर असतानाच कसायचे, नाहीतर रबर पिळलेलं राहून लवकर फाटतं. नंतर ड्रॅग लिंक (स्टिअरिंगची हालचाल चाकांकडे नेणारा दांडा) जुळवून स्टिअरिंग सरळ करायचं, कारण ते तिरकं राहिलं तर ईएसपी (गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) गोंधळतो.

लिहिता लिहिता सुचलं, बंप स्टॉपखाली २५ मिमीचा तुकडाही चालेल. पण त्याने वरचा ट्रॅव्हल (चाक वर जायची मुभा) जातो, म्हणून तो शेवटी. आर्म तरीही घासलाच, तर स्टिअरिंग स्टॉपचा (चाक किती वळेल याची हद्द ठरवणारा) बोल्ट थोडा बाहेर काढायचा. वळणाचा घेर किंचित वाढेल, तेवढं चालेल.

ओळंब्यातला १४ चा फरक शून्यावर आला की स्प्रिंगा पुन्हा खाली आणि खडू पुन्हा टायरवर. तोवर बंपरला करवत लागणार नाही.