हीव्हिंग लाइन: शेवटच्या सात मीटरांचा छडा लागला

मागच्या नोंदीत अडकलेला प्रश्न सुटला. हीव्हिंग लाइन, म्हणजे जहाजावरून धक्क्यावर फेकायचा हलका दोर, २० मीटरच्या खुणेपैकी पहिले १२-१४ मीटर सुरेख जाते, पण डाव्या हातातली वेटोळी सुटायला लागली की दोर स्वतःभोवती गुरफटतो आणि टोकाची मूठ (दोराचीच चेंडूसारखी गाठ) हवेतच झटका खाऊन खाली येते. संशय आधी मुठीवर होता, मग फेकीवर. खरं कारण निघालं दोर गोळा करण्याच्या पद्धतीत.

सामान तेच आहे: ८ मिमीचा, १६ पेडी विणीचा पॉलिप्रॉपिलीन दोर, ३० मीटर. तुलनेला त्याच जाडीची तीन पेडी, उजव्या पिळाची लाइन. दोन्हींच्या टोकाला फक्त दोराची मूठ (मंकी फिस्ट), आत काहीही घातलेलं नाही. नट, बोल्ट, शॅकल किंवा शिसं मुठीत कोंबायची जुनी खोड अजून काही जहाजांवर दिसते. पलीकडे धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्याचा विचार केला तर तिला माफी नाही.

मुठीचा हिशेब आधी संपवू. ८ मिमी पॉलिप्रॉपिलीन मीटरला साधारण ३० ग्रॅम भरतो. तीन वेढ्यांच्या मुठीत सव्वा मीटरच्या आसपास दोर जातो, म्हणजे ४० ग्रॅम. चार वेढ्यांच्या मुठीत दोनेक मीटर, म्हणजे ६० ग्रॅम. आणि २० मीटर लाइनचं वजन ६०० ग्रॅम. ६० ग्रॅमची मूठ ६०० ग्रॅमला ओढत नेईल ही अपेक्षाच खोटी. अंतर कापतात ती उजव्या हातातून मुठीबरोबर फेकलेली वेटोळी. मुठीचं काम टोक ताणून धरायचं, आणि पलीकडच्याला पकडायला काहीतरी द्यायचं. म्हणून तीन वेढे, चार वेढे, कोरडी मूठ, भिजवलेली मूठ असं सगळं करून पाहिलं तरी गुंता त्याच जागी पडत होता. दोष मुठीत असता तर जागा बदलली असती.

छडा लावला तो मार्करच्या रेघेने. लाइन गवतावर हलक्या ताणाने सरळ आंथरायची, पीळ पूर्ण काढायचा आणि काळ्या पर्मनंट मार्करने वरच्या अंगावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ रेघ ओढायची. विणीच्या पेडामागे जायचं नाही, पेड तिरपे धावतात. रेघ दोराच्या लांबीला समांतर हवी. मग नेहमीचा सराव करायचा आणि लाइन पुन्हा सरळ आंथरून रेघ पाहायची. मुठीकडच्या अर्ध्या भागात रेघ जवळजवळ सरळ होती. खांबाला बांधलेल्या टोकाकडे ती जिलबीसारखी गोल गोल फिरलेली, आणि फेकागणिक हे फेरे वाढत जात होते.

कारण असं. दोराचं सपाट वेटोळं अक्षाच्या दिशेने ओढून सरळ केलं की दर वेढ्याला दोरात एक पूर्ण पीळ चढतो. हाताने वेटोळी करताना आपण अंगठा-तर्जनीत दोर फिरवतो, तो पीळ पुढच्या मोकळ्या दोरात ढकलला जातो. पुढचं टोक मोकळं असेल तर ते गरगर फिरतं आणि पीळ बाहेर पडतो. जहाजावर हे आपोआप होतं: लाइन कठड्याला बांधलेली असते, फेकणारा ती पाण्यातून ओढत ओढत आपल्याकडून मुठीकडे गोळा करतो, मूठ मोकळी फिरते. मैदानावर मात्र जोडीदार वेळ वाचवायला मुठीपासून गोळा करत खांबाकडे चालत येतो. खांबाचं टोक फिरू शकत नाही. सगळा पीळ तिथेच साठतो, आणि फेकीत तोच भाग शेवटी सुटतो. शेवटचे सात मीटर!

तेव्हा आता सरावाचा नियम एकच. गोळा करायला सुरुवात बांधलेल्या टोकापासून, शेवट मुठीपाशी. जोडीदाराने मूठ धरून ठेवायची नाही, जमिनीवर सोडून द्यायची. मुठीकडून गोळा करायचंच असेल तर खांबाला मारलेली बोलाइन गाठ आधी सोडायची. एवढ्याने विणीची लाइन गुरफटणं थांबली आणि आपण ठरवलेली २० मीटरची खूण वाऱ्याविरुद्धही गाठली जाते.

तीन पेडी लाइनने मात्र अजून थोडा त्रास दिला, कारण तिच्यात पीळ दुकानातूनच आला होता. नव्या बंडलातून दोर कापताना दुकानदार बाहेरचे वेढे एकेक करून उचलतो. दर वेढ्याला एक पीळ. उजव्या पिळाचा नवा दोर बंडलाच्या आतल्या टोकाने काढायचा, आणि तो घड्याळाच्या उलट दिशेने सुटत यायला हवा. रिळावरचा असेल तर रिळात पाइप घालून रीळ फिरवायचं. मुंबईच्या दारूखाना बाजारात ‘रीळ फिरवून द्या’ म्हटलं की कपाळावर आठ्या येतात, तरी म्हणायचं. गरवारेचा दोर मिळाला तर थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील, पिळाचा घट्टपणा टोकापासून टोकापर्यंत सारखा असतो. नाव नसलेला स्वस्त हिरवा दोर आणला होता, त्यात एक पेड उरलेल्या दोघांपेक्षा सैल निघाला. असा दोर बादली बांधायला ठेवावा.

चढलेला पीळ काढायचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे होडीमागे लाइन सोडून सावकाश ओढणं, टोकाला काहीही न बांधता. होडी नसेल तर गवतावरून, मागचं टोक मोकळं ठेवून. वाळूवर नको. कण पेडांत शिरतात आणि आतून दोर खातात. गेलेच तर गोड्या पाण्यात खळखळून धुवायचं. गच्चीवरून वजन लटकवायचा बेत काहींनी सुचवला होता, तो तीन पेडीला घातक आहे: वजनाने मूळचा पीळही उलगडतो, आणि वजन काढलं की जागोजागी हॉकल, म्हणजे पेडांच्या उलट्या पिळाच्या कड्या, उभे राहतात.

तीन पेडी उजव्या पिळाची वेटोळी घड्याळाच्या दिशेनेच. इथे डावखुऱ्यांची अडचण होते, कारण आरशातल्यासारखी नक्कल केली की दिशा उलटी होते. त्यांनी नेहमीच्याच हाताने घड्याळाच्या दिशेने वेटोळी करावीत आणि मग गठ्ठा हातबदल करून घ्यावा. विणीच्या दोराला दिशेचं बंधन नाही.

फेक पूर्वीसारखीच: एक तृतीयांश ते अर्धी वेटोळी फेकत्या हातात, मूठ त्याखाली हातभर लोंबती, उरलेली वेटोळी दुसऱ्या उघड्या तळव्यावर. तळवा लक्ष्याकडे. बोटं मिटली तर झटका ठरलेला. दुसरं टोक कठड्याला बांधलेलं, मनगटाला कधीही नाही. नेम माणसावर धरायचा नाही, त्याच्या डोक्यावरून पलीकडे. दोर त्याच्या हातांवर आडवा पडला पाहिजे.

हे लिहिता लिहिता एक सुचलं. तळव्यावरची वेटोळी आलटून पालटून घेतली, एक सरळ, पुढचं उलट्या फासाचं, तर त्यांचे पीळ एकमेकांना खोडतील. विणीच्या दोराला हे छान मानवतं. धोका एवढाच की टोक वेटोळ्यांमधून आरपार गेलं तर दर उलट्या फासाची एक निरगाठ होते आणि गाठींची माळ तयार. मूठ असलेल्या उजव्या हातात म्हणून हे करायचं नाही, तिथे साधीच वेटोळी. डाव्या तळव्यावर टोक नसतं, तिथे जमेल असं वाटतं. पुढच्या सरावाचा क्रम त्यामुळे बदलला. आठ पेडी दोराचा आय स्प्लाइस (टोकाचे पेड दोरातच विणून केलेला डोळा) मागे सरकला.

मुठीची एक छोटी पण समाधानाची गोष्ट: ती आता गोल राहते. पहिले वेढे बोटांभोवती, दुसरे त्यांच्यावरून आडवे, तिसरे पहिल्यांच्या आतून आणि दुसऱ्यांच्या बाहेरून. गाभ्यात टोकाचीच साधी गाठ. घट्ट करताना एका दमात ओढलं की अंडं होतं. फिडने (दोरकामाच्या टोकदार दाभणाने) प्रत्येक वेढ्यातून थोडाच सैलपणा पुढे न्यायचा, पूर्ण चक्कर मारायची, मग पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या चक्करीत ती लाकडासारखी टणक होते.

टणक मूठ लागते मात्र जोरात, वजन नसलं तरी. ब्रिटनच्या व्यापारी जहाजांसाठीच्या सुरक्षित कामाच्या संहितेत पर्याय दिला आहे: उठून दिसणाऱ्या रंगाची मऊ थैली, आत वाटाण्याएवढी खडी, पाणी झटकन निथळेल अशी, वजन जास्तीत जास्त अर्धा किलो. ३०० ग्रॅमपासून सुरुवात करू. नारिंगी कॅनव्हास, तळाला मासेमारीच्या जाळीचा तुकडा, खडी धुतलेली आणि थैली दोन तृतीयांशच भरलेली, म्हणजे आदळताना ती पसरते. शिलाई दुहेरी नायलॉन दोऱ्याची. बांधायला लाइनच्या टोकाला छोटा स्प्लाइस केलेला डोळा, त्यातून थैलीचा पट्टा ओवायचा, बदलायला सोपं.

 

थैलीसाठी खडी चाळायला १० मिमीची चाळणी कुणाकडे असेल तर रविवारी घेऊन यावी. मार्करही दोन आणा, एक ३० मीटरला पुरत नाही.