तुम्ही विचारलंत म्हणून: जो कण खाली पोचतच नाही, तो कसा मोजता?

प्रश्न नेहमीचाच आहे. वैश्विक किरणाचा, म्हणजे अंतराळातून येणारा, कण हवेच्या वरच्या थरातच फुटतो. मग त्याची ऊर्जा किती होती, तो प्रोटॉन होता की लोखंडाचं अणुकेंद्रक, हे जमिनीवरून कशाच्या आधारे सांगता?

उपग्रहावरून तो थेट का पकडत नाही, हे आधी सांगतो. कणाची ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्ट या एककात मोजतात; ती १० चा १५ वा घात इलेक्ट्रॉनव्होल्टच्या जरा पुढे गेली की चौरस मीटरवर वर्षाकाठी एखादाच कण पडतो. २० व्या घातापाशी तर चौरस किलोमीटरवर शतकात एखादा. एवढं मोठं उपकरण वर नेता येत नाही, म्हणून हवेलाच उपकरण मानायचं. पहिल्या टकरीतून पायॉन नावाचे अल्पायुषी कण निघतात, त्यांच्यातून गॅमा किरण, इलेक्ट्रॉन आणि म्युऑन (इलेक्ट्रॉनचे जड भाऊबंद), आणि कणांचा हा वर्षाव खाली येईतो कित्येक किलोमीटर पसरतो. अर्जेंटिनातल्या पिएर ओजे वेधशाळेने त्यासाठी ३,००० चौरस किलोमीटरवर सोळाशेहून जास्त टाक्या मांडल्या आहेत. दोन टाक्यांत दीड किलोमीटर अंतर, प्रत्येकीत १२,००० लिटर अतिशुद्ध पाणी आणि त्यातली चमक टिपायला तीन प्रकाशगुणक नळ्या.

नळीतून येतो तो विजेचा स्पंद. त्याला माप लागतं, आणि ते आकाशच पुरवतं. साधे पार्श्वभूमीचे म्युऑन टाकीतून सतत जात असतात. त्यांच्या स्पंदांचा आलेख काढला की त्याला एक स्पष्ट उंचवटा येतो. त्यावरून सरळ वरून आलेल्या एका म्युऑनचा प्रकाश किती, ते ठरतं आणि तेच एकक. दिवसरात्रीच्या तापमानाने नळीचं वर्धन, म्हणजे ती संकेत किती पट वाढवते ते, सरकत राहतं, म्हणून हे माप पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं. ते चुकलं तर पुढचं सगळं गणित वाया.

वर्षावाच्या गाभ्याजवळची टाकी प्रकाशाने भरून जाते, लांबच्या टाकीत मोजकेच कण येतात. म्हणून सगळ्या टाक्यांतून एक वक्र बसवायचा आणि गाभ्यापासून १,००० मीटरवरचा आकडा वाचायचा. दीड किलोमीटरच्या जाळीत वक्राच्या आकाराची अनिश्चितता तिथेच सर्वांत कमी बाधते. या आकड्याची ऊर्जा करायला दुर्बिणी लागतात. वर्षावाने चेतवलेला नायट्रोजन अतिनील प्रकाश देतो आणि तो हवेत सोडलेल्या ऊर्जेच्या प्रमाणात असतो. मात्र त्यासाठी अंधारी, निरभ्र रात्र हवी, म्हणजे एकूण वेळेच्या जेमतेम सातवा हिस्सा. हवेतली धूळ लेझरने मोजावी लागते, आणि न्यूट्रिनो (जवळपास कशालाच न अडणारे कण) व म्युऑन घेऊन जातात ती ऊर्जा वेगळी मिळवावी लागते. इतकं करूनही ऊर्जेच्या मापात सुमारे १४ टक्के पद्धतशीर अनिश्चितता उरते.

ओळख पटवणं याहून अवघड. लोखंडाचं केंद्रक म्हणजे ५६ न्यूक्लिऑन (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून), प्रत्येकाकडे एकूण ऊर्जेचा ५६ वा वाटा. त्यामुळे त्याचा वर्षाव हवेत लवकर ऐन भरात येतो, प्रोटॉनपेक्षा सरासरी १०० ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर आधी; हवेतली खोली इथे ओलांडलेल्या हवेच्या वजनात मोजतात. पण प्रोटॉनचे वर्षाव आपसांतच त्याच एककात ६० च्या आसपास पुढेमागे होतात. एकट्या वर्षावावर ‘हा लोखंडाचा’ असा शिक्का मारायचा मोह टाळावा. शेकडो वर्षाव घेऊन सरासरी आणि विखुरणं दोन्ही पाहायचं, कारण लोखंडाचं विखुरणं जेमतेम २० असतं.

दुसरी खूण म्युऑनची. तेवढ्याच ऊर्जेच्या लोखंडाचे म्युऑन सुमारे ४० टक्के जास्त निघतात. उटीच्या ग्रेप्स-३ या वैश्विक किरणांच्या प्रयोगात ५६० चौरस मीटरचा म्युऑनशोधक काँक्रीटच्या जाड थराखाली ठेवला आहे, म्हणजे इलेक्ट्रॉन वरच अडतात. खरी मेख इथे आहे. म्युऑनची संख्या ऊर्जेबरोबरही जवळपास त्याच प्रमाणात वाढते, त्यामुळे ऊर्जेत २० टक्के चूक झाली की प्रोटॉन आणि लोखंड यांच्यातलं जवळपास निम्मं अंतर त्या चुकीतच बुडतं. त्यात अतिउच्च ऊर्जेला प्रत्यक्ष वर्षावात संगणकी नमुन्यांपेक्षा जास्त म्युऑन सापडतात. म्हणून म्युऑनवरून काढलेला कण दुर्बिणीवरून काढलेल्या कणापेक्षा जड भरतो. दोष टक्करींच्या आपल्या समजुतीत आहे, असं आम्हाला वाटतं.

म्हणूनच ओजेच्या टाक्यांवर आता सिंटिलेटरचे, म्हणजे कण गेला की चमकणाऱ्या पदार्थाचे, पट्टे बसवले आहेत. म्युऑन खोल पाण्यात भरपूर प्रकाश सोडतो, पातळ पट्ट्याला मात्र तो आणि इलेक्ट्रॉन जवळपास सारखेच. एकाच वर्षावाचे हे दोन आकडे शेजारी ठेवले की म्युऑनचा वाटा वेगळा काढता येतो, आणि तोही दिवसाउजेडी.