चोविसावा नग

यादीत २३ नग होते, डब्यात २४ निघाले. मी दोनदा मोजले.

लंडनमधल्या एका लिलावघरात प्राचीन इजिप्तच्या वस्तूंची नोंद करणं हे माझं काम. त्यातला बराचसा वेळ कागदांत जातो. वस्तू इजिप्तमधून कधी निघाली, कोणी विकली, मधली वर्षं कोणाकडे होती, हे लागतं. १९८३च्या कायद्याने इजिप्तने हा व्यापार बंद केला. त्याआधी तिथे परवाना असलेली दुकानं होती, खुद्द कैरोच्या संग्रहालयात विक्रीची खोली होती. म्हणून जुना, सरळमार्गी माल खरोखरच आहे. त्याच्याच आडून चोरीचाही येतो.

पन्नाशीचे एक गृहस्थ बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आले. आजोबांनी १९३६ साली कैरोत घेतलेले ताईत, सोबत दुकानदाराच्या हातची यादी. अशी यादी वर्षातून एखाद्या वेळी दिसते. मी हरखून गेले.

एकेक नग मऊ कापडावर मांडला. बहुतेक फायन्सचे, म्हणजे गारगोटीच्या पुडीत क्षार आणि चुना घालून भाजलेले. त्यांचा निळा-हिरवा रंग तांब्याचा. होरस देवाचा डोळा होता, सेत देवाने फोडलेला आणि थोथ देवाने पुन्हा सांधलेला. जेद खांब होता, म्हणजे मृतांचा देव ओसिरिस याचा कणा. लाल जास्पर दगडाची, इसिस देवीची गाठ होती. गर्भवतींना जपणारी, पाणघोड्याच्या रूपातली तावेरेत देवी होती. तिच्या पाठीमागच्या भोकाची कड दोऱ्याने घासून गुळगुळीत झालेली. कोणीतरी जिवंतपणी ती घातली होती. काळ्या दगडाची दोन जुळलेली बोटंही होती. मृताच्या पोटाच्या डाव्या बाजूला ज्या चिरेतून आतडी काढत, तिच्याजवळ ती ठेवत.

ताइताची ताकद आकारात आणि रंगात असते तशी जागेतही असते. माझ्या आजीने दंडाला बांधलेला ताईत मी गळ्यात घातला की ती लगेच काढायला लावायची, ते मला या कामात नेहमी आठवतं. तूतनखामून या राजाच्या ममीवरच्या पट्ट्यांमधून, त्याची कबर शोधणाऱ्या हॉवर्ड कार्टर यांनी १४३ वस्तू काढल्या आणि कोणती कुठे होती याची नोंद ठेवली. संग्राहक मात्र हे ताईत काचेच्या चौकटीत रंग जुळवून लावतात. मला ते बघवत नाही.

चोविसावा नग होता हृदय-स्कॅरब, म्हणजे मृताच्या हृदयासाठीचा भुंग्याच्या आकाराचा ताईत, गर्द हिरव्या दगडाचा, तळहातात मावेल एवढा. इजिप्शियन लोक मेंदू टाकून देत आणि हृदय शरीरातच ठेवत, कारण विचार आणि आठवण तिथे असते असं ते मानत. परलोकात ते हृदय मात या सत्याच्या देवीच्या पिसाशी तोललं जाई. म्हणून स्कॅरबच्या पोटावर मृतांच्या ग्रंथातला ३० ब हा मंत्र कोरत: माझ्या हृदया, माझ्या आईच्या हृदया, माझ्याविरुद्ध साक्षीला उभं राहू नकोस. पहिल्या ओळीत ‘ओसिरिस’ या शब्दापुढे मृताचं नाव येतं. इथे ती जागा कोरी होती. असे तयार स्कॅरब विकत मिळत, नाव नंतर कोरायचं; याचं राहून गेलं.

मी भिंग लावलं. बाकीचे २३ नग हाताळून हाताळून चकचकीत झाले होते. याच्या पायांच्या खाचांत मात्र ममीला लावत ती काळी राळ होती, आणि राळेत तागाच्या कापडाची वीण उमटलेली. जुने दुकानदार असं काही शिल्लक ठेवत नसत, घासूनपुसून विकत. २०११ नंतर इजिप्तमधल्या अबुसिर अल-मलेकच्या प्राचीन दफनभूमीत चोरांनी पाडलेल्या खड्ड्यांचे फोटो माझ्या डोळ्यांसमोर आले.

“हा यादीत नाही,” मी म्हटलं.

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तो वडिलांनी नंतर घेतला असेल.” कुठे, कधी, ते सांगता येईना.

वरिष्ठांनी दोन मिनिटांत निर्णय दिला: २३ ठेव, तो परत कर. आमच्या धंद्यात याला सावधगिरी म्हणतात. मला हा पळपुटेपणा वाटतो. परत केलेली वस्तू इजिप्तला जात नाही, कमी प्रश्न विचारणाऱ्या दुसऱ्या टेबलावर जाते. पण राळ हा पुरावा नव्हे, आणि एखाद्याच्या दिवंगत वडिलांवर संशय घेताना माझीही जीभ अडली. मी पोलिसांच्या कलाचोरी विभागाला फोन केला नाही. स्कॅरब फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळला, पावतीवर त्यांची सही घेतली आणि त्यांना दारापर्यंत सोडायला गेले.

सहा फोटो तेवढे माझ्याकडे राहिले. त्यांवरून मी मंत्राच्या सगळ्या ओळी उतरवून फाइलला लावल्या आहेत. दर हंगामात इतर लिलावघरांचे कॅटलॉग आले की मी आधी हिरव्या दगडाचे स्कॅरब काढते, आणि पहिल्या ओळीतली ती कोरी जागा शोधते.