जेवणावळीचा खुलासा

खुलासे लिहिण्यात माझा हात चांगला बसलेला आहे. कृषी सहायकाच्या नोकरीत कशाकशाचे खुलासे द्यावे लागतात: पेरणी अहवाल उशिरा का गेला, शेतीशाळेला माणसं कमी का आली, फोटोवर अक्षांश-रेखांश का उमटले नाहीत. ‘उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की’ एवढं लिहिलं की पुढचं हाताला आपोआप येतं. एकदाच असं झालं की ते वाक्य लिहून मी दीड तास कोऱ्या कागदाकडे बघत बसले. विषय होता, ‘गारपीटग्रस्त शेतकऱ्याने आनंदोत्सव व जेवणावळ केल्याबाबत.’

फेब्रुवारीतली गोष्ट. नाशिकजवळ मखमलाबादच्या पलीकडे माझ्या सजातल्या, म्हणजे माझ्याकडे असलेल्या गावांपैकी एका गावात गुरुवारी संध्याकाळी गारा झाल्या. वीसेक मिनिटं, तीही पट्ट्यात. रस्त्याच्या अलीकडच्या द्राक्षबागा कोरड्या, पलीकडच्या झोडपून निघालेल्या. शुक्रवारी सकाळी सातपासून फोन सुरू झाले, “मॅडम, कधी येताय?”

गारपिटीनंतर आम्ही दुसऱ्याच दिवशी बागेत आलो नाही की लोक शिव्या घालतात. खरं म्हणजे दुसऱ्या दिवशी आलो तर शेतकऱ्याचाच तोटा असतो. गार लागलेला मणी पहिले काही तास हिरवाच दिसतो. फुटलेला ओळखू येतो, पण नुसता मार बसलेला ओळखू येत नाही. दीड-दोन दिवसांनी त्यावर तपकिरी डाग उठतो, फुटलेल्या मण्याचा रस खालच्या मण्यांवर ओघळतो, मधमाश्या येतात आणि मग अख्खा घड सडायला लागतो. शुक्रवारी मोजलं तर चाळीस टक्के भरेल, रविवारी त्याच ओळीत सत्तर. मदतीला पात्र व्हायचं तर नुकसान किमान ३३ टक्के लागतं, त्यामुळे काठावरच्या माणसाला हे दोन दिवस फार महाग पडतात. हे मी २०१४ च्या गारपिटीत शिकले. तेव्हा नोकरीत नवी होते, उत्साहाने दुसऱ्या दिवशीच पंचनामे केले आणि दोघा-तिघांचं वाटोळं केलं.

आणखी एक सल आहे. गार नुसती घडाला लागत नाही, काडीलाही, म्हणजे वेलीच्या फांदीलाही लागते. काडीवर जखम झाली की पुढच्या हंगामालाही फटका बसतो. पंचनाम्याच्या नमुन्यात काडीला रकाना नाही. दोनदा बैठकीत बोलले. दोन्ही वेळा साहेबांनी “नोंद घेतली” म्हटलं. नोंद कुठे घेतली, ते मला अजून सापडलेलं नाही.

तर रविवारी सकाळी दहाला मी खुलाशातल्या त्या शेतकऱ्याच्या बागेवर पोचले. तलाठी भाऊसाहेब बरोबर होते, म्हणजे त्यांना मी जवळजवळ ओढूनच आणलं होतं. त्यांचा बेत गावातल्या चहाच्या टपरीवर बसून सगळे पंचनामे ‘करून टाकायचा’ होता. ग्रामसेवकांनी फोनवर सांगितलं, “तुम्ही करा, मी सही देतो.”

बागेशेजारी घरापुढे मांडव घातलेला. रंगीत कनाती, प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात चुलवणावर पातेलं. भाऊसाहेब हळूच म्हणाले, “लग्न दिसतंय.” मला वाटलं, चुकीच्या घरी आलो. तेवढ्यात बागेचे मालक, काका, बाहेर आले. पांढरा शर्ट, खिशाला पेन. म्हणाले, “या ताई. भक्ती सुरू झालीय. अर्धा तास बसता का? मग बाग दाखवतो.”

बाग लावून दोन वर्षं झाली होती आणि हे तिचं पहिलं पीक. ख्रिस्ती कुटुंब आहे. पहिल्या पिकाची उपकारस्तुती करायची, म्हणजे देवाचे आभार मानायचे, मंडळी बोलवायची, चर्चच्या पाळकसाहेबांना आणायचं, हे महिनाभर आधी ठरलेलं. गारा गुरुवारी पडल्या. आणि यांनी कार्यक्रम रद्द केला नाही.

मी शेवटच्या खुर्चीवर बसले. पाळकसाहेब बायबलमधलं स्तोत्र वाचत होते, १३६ वं. ते एक ओळ वाचत आणि सगळी मंडळी एका सुरात म्हणत, “त्याची दया सनातन आहे.” त्याने आकाश निर्माण केलं: त्याची दया सनातन आहे. सूर्य केला, चंद्र केला: त्याची दया सनातन आहे. मोजायची मला खोडच आहे, मोजत गेले. सव्वीस वेळा. कनातीच्या फटीतून मागची बाग दिसत होती. पानांच्या चाळण्या झालेल्या, खाली मातीत मण्यांचा सडा, त्यावर माश्यांचा गुंगाट. पुढून “दया सनातन आहे” आणि मागून आंबूस वास. मध्येच इजिप्तच्या राजाचं, फारोचं, सैन्य तांबड्या समुद्रात बुडालं, मोठमोठे राजे मारले गेले, तरी मंडळींचं पालुपद तेच. मला ते जरा खटकलं. आमच्या घरी नवस बोलतात, झाला की फेडतात. आई वणीच्या गडावर जायची ती काम झाल्यावर. हिशेब सरळ. काम बिघडल्यावर जेवण घालणारा मी पहिल्यांदा पाहत होते.

मग बागेत गेलो. नऊ बाय पाच फुटांवर लावलेली, एकराला साडेनऊशेच्या वर झाडं. माझी पद्धत ठरलेली आहे: दहा ओळी सोडतीने घ्यायच्या, प्रत्येकीत पाच झाडं, प्रत्येक झाडाचे सगळे घड. शेतकरी नेहमी जास्त मार बसलेल्या कडेला नेतो. त्याला दोष नाही, मीही तेच केलं असतं. म्हणून ओळी मीच निवडते. मोठ्याने मोजते आणि त्यालाही मोजायला लावते. नंतर आकड्यावरून भांडण होत नाही. पन्नास झाडांवर १,६१२ घड भरले, त्यातले १,१४४ गेलेले. ७१ टक्के.

काका प्रत्येक ओळीच्या टोकाला विचारत होते, “किती भरले, ताई?” म्हणजे मघाशी डोळे मिटून उभा असलेला माणूस टक्क्यांची काळजी करत होता, अगदी इतर कुणाहीसारखी. बांधावरून शेजारचे एक बागाईतदार हसत म्हणाले, “देवाने दया केलीय ना, मग पंचनामा कशाला?” काका मोजता मोजताच म्हणाले, “दया देवाची, टक्के सरकारचे.”

मी विचारलंच, “काका, ते राजे मारले, सैन्य बुडवलं, त्यात दया कुठली?”

“फारोच्या बाजूने वाचलं तर दिसायची नाही,” ते म्हणाले. मग थोडं थांबून, “मलाही तो भाग वाचताना अडखळायला होतं. पण इस्राएली लोकांना त्याच्या गुलामीतून सोडवलं ना. ते सुटलेल्यांचं गाणं आहे.”

आठव्या ओळीत त्यांचा फोन वाजला. बघितला, खिशात ठेवला. व्यापारी नव्हता. व्यापाऱ्याने पंधरवड्यापूर्वी सौदा केला होता, मण्यांत साखर भरली की खुडा, म्हणजे तोडणी, करू म्हणाला होता. गारा पडल्यापासून तो फोन उचलत नव्हता. राहिलेले २९ टक्के घड तरी घेईल का, याचीही शाश्वती नव्हती. काका म्हणाले, “पाळकसाहेबांनी आज सांगितलं, ऐकलंत का? आपण मराठीत ‘दया’ वाचतो, मूळ हिब्रूत शब्द आहे ‘हेसेद’. नुसती कीव नाही. करार केला की समोरचा कसाही वागो, आपला शब्द फिरवायचा नाही, ते हेसेद.” मग फोनच्या खिशावर हात ठेवून, “हा आमचा व्यापारी म्हणजे त्याच्या बरोबर उलट.”

परत आलो तर मांडवात लिलाव चालू होता. हा प्रकार मला माहीतच नव्हता. मंडळींनी घरून काही काही आणलेलं असतं: भोपळा, अंडी, नारळ, कोंबडा. त्याचा लिलाव होतो आणि पैसे चर्चला जातात. बोली मुद्दामच चढवतात. सहा अंडी तीनशे रुपयांना गेली. शेवटी काकांच्या सुनेने दोन किलोची पेटी आणली, त्यांच्याच बागेची, डागाळलेल्या घडांची. चांगले घड ठेवता आले असते, तिने ठेवले नव्हते. शरणपूरच्या एका निवृत्त नर्सबाईंनी ती अकराशेला घेतली आणि तिथल्या तिथे पोरांना वाटून टाकली.

शरणपूर म्हटल्यावर मी काकूंना विचारलं, कारण शरणपूर रोडवरून माझी रोजची ये-जा आहे आणि ते नुसतं रस्त्याचं नाव आहे असंच मी धरून चालले होते. त्या म्हणाल्या, शरण आलेल्यांची वस्ती म्हणून शरणपूर, मिशनने १८५० च्या दशकात वसवलेलं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलंही तिथे शिकली. त्यातला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत परतला आणि १८७३ मध्ये आफ्रिका धुंडाळणारे डॉ. लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना त्याने वाचली. त्याच रस्त्यावर कॅनडा कॉर्नरला सिग्नलवर इतकी वर्षं उभी राहते, हे कुणी सांगितलं नव्हतं.

जेवले. मटणाचा रस्सा होता, भाऊसाहेबांनी तीनदा घेतला. ज्या मांडवात यायला ते तयार नव्हते, तिथून उठायला तयार होईनात.

आठवड्याने तालुक्याला तक्रार आली. निनावी, फोटोसकट. कनाती, पंगत आणि हातात पेटी धरलेली सून. ‘नुकसान झाल्याचे सांगून सदर शेतकऱ्याने आनंदोत्सव केला. द्राक्षे किलोस साडेपाचशे रुपये दराने विकली. पंचनामा करणारे कर्मचारी जेवायला हजर होते.’ गणित बरोबर होतं, अकराशे भागिले दोन. एका फोटोत मी ताटासकट होते. भाऊसाहेब एकाही फोटोत नव्हते. ते त्यांना कसं जमतं कोण जाणे.

साहेब म्हणाले, “उद्यापर्यंत खुलासा द्या.”

टक्क्यांचं सोपं होतं. ओळीवार तक्ता, फोटो, पंचांच्या सह्या. लिलावाचंही जमलं: ‘सदर रक्कम ही विक्री नसून देणगी आहे.’ अडलं ते पुढे. माणसाने जेवण का घातलं? ‘आनंदोत्सव’ नव्हता हे मला माहीत होतं, पण मग होता काय? ‘दुःखात सुद्धा’ लिहिलं, खोडलं. कुणी दुःखी दिसत नव्हतं असंही नाही, कुणी रडतही नव्हतं. शेवटी संध्याकाळी गाडी काढून पुन्हा बागेवर गेले. म्हटलं, तुम्हीच सांगा काय लिहू.

काका आधी म्हणाले, “आचाऱ्याला इसार दिला होता. तो परत थोडाच देणार होता?” आम्ही तिघंही हसलो. मग काकू गहू निवडता निवडता बोलल्या. शनिवारी रात्री पाळकसाहेबांचा फोन आला होता की वाचन बदलू या, बायबलमधलं हबक्कूक संदेष्ट्याचं पुस्तक घेऊ. त्यात द्राक्षीच्या वेलाला फळ आलं नाही तरी मी देवाच्या ठायी आनंद करीन, असं आहे. काकूंनी नको म्हटलं. “ते वाचलं असतं तर लोक म्हणाले असते, बघा किती मोठा विश्वास. आमचा एवढा मोठा नाही, ताई. शुक्रवारी हे दिवसभर अंथरुणातून उठले नाहीत. मी देवाला काय काय बोलले ते सांगायची सोय नाही. पण उपकारस्तुती पिकाची नव्हतीच. पीक निमित्त. येशूने आमच्यासाठी जीव दिला, ते काही गारांनी वाहून जात नाही. ते तसंच आहे, तर मग रविवारचं का रद्द करायचं?”

“हे लिहू?”

“लिहा. पण तुमच्या साहेबांना कळेल असं लिहा.”

मी लिहिलं: ‘सदर कार्यक्रम पूर्वनियोजित उपकारस्तुतीचा असून त्याचा पिकाच्या उत्पन्नाशी अगर नुकसानीशी संबंध नाही.’ मला ते वाक्य फार आवडलं होतं. तिसऱ्या दिवशी खुलासा परत आला. समासात लाल शाईने शेरा: ‘उपकारस्तुती म्हणजे काय, ते स्पष्ट करावे. पिकाशी संबंध नसल्यास बागेत आयोजन का?’ मी तो शब्द काढला, ‘धार्मिक विधी’ घातला आणि कागद दुपारपर्यंत मंजूर झाला.

एप्रिलमध्ये खरड छाटणीच्या वेळी गेले होते. काका काड्यांवरच्या जखमा दाखवत होते. रकाना नसला तरी मी फोटो काढून ठेवले. मदतीचे पैसे आले नव्हते. केंद्राच्या तेव्हाच्या निकषाने बहुवार्षिक पिकाला हेक्टरी साडेबावीस हजार, म्हणजे एकराला नऊ हजार, आणि तेही अजून कुठल्या तरी यादीत अडकलेले. व्यापाऱ्याचा फोन आता लागतच नव्हता. काका दोघांवरही मनापासून चिडलेले होते. मी निघाले तर काकू आतून हाक मारत आल्या, पुढच्या फेब्रुवारीतला दुसरा रविवार मोकळा ठेवा म्हणाल्या.

“काकू, अजून बाग छाटून व्हायचीय. पीक किती येतंय ते तरी बघा.”

“मांडववाल्याला आत्ताच सांगावं लागतं,” काकू म्हणाल्या. “नंतर लग्नसराईत मिळत नाही.”