रीड प्लेटच्या शोधात पणजी, मडगाव आणि फोंडा

माझ्याकडच्या सी स्वराच्या मरीन बँड डिलक्स माउथ ऑर्गनमधले चौथे छिद्र गेल्या पावसाळ्यात उतरू लागले. श्वास आत ओढल्यावर तिथे 'डी', म्हणजे पेटीच्या भाषेत पांढरी दोन, वाजायला हवी. ती आधी किंचित आणि मग कानाला खुपेल इतकी खाली आली. दहा छिद्रांच्या वाद्यात सूर देणारी ही धातूची पट्टी (रीड) लवकर दमणाऱ्यांपैकी आहे, कारण सूर खाली वाकवून मींडीसारखा परिणाम साधताना सर्वाधिक ताण तिच्यावर येतो. पट्टी मुळाशी, रिव्हेटच्या जवळ, बारीक चिरते, चिरल्यावर उतरते आणि शेवटी तुटते. बाकीचे एकोणीस सूर उत्तम असताना सबंध वाद्य टाकून देणे मनाला पटेना, म्हणून मी रीड प्लेट, म्हणजे या पट्ट्या जिच्यावर बसवलेल्या असतात ती प्लेट, बदलायचे ठरवले.

पहिली चूक मी घरी बसूनच केली. एका दुकानात फोन करून कंपनीचे नाव आणि स्वर एवढेच सांगितले, आणि म्हापशाला घरी आलेला दोन प्लेटचा जोड उघडला तर त्याची स्क्रूची छिद्रे माझ्या वाद्याशी जुळत नव्हती. त्या प्लेट माझ्या वाद्याच्या होनर कंपनीच्याच होत्या, सी स्वराच्याच होत्या, पण एमएस मालिकेच्या होत्या. त्यांतून जे शिकलो ते निघण्याआधी प्रत्येकाने समजून घ्यावे असे मला कळकळीने वाटते. ब्लूज हार्प, बिग रिव्हर आणि प्रो हार्प ही एमएस मालिकेतली वाद्ये एकमेकांच्या प्लेट स्वीकारतात; मरीन बँड आणि स्पेशल २० त्या स्वीकारत नाहीत. स्पेशल २०च्या प्लेट प्लॅस्टिकच्या सांगाड्यात, म्हणजे दोन प्लेटच्या मधल्या भागात, आत बसवलेल्या असतात, त्यामुळे त्या मरीन बँडला चालत नाहीत. १८९६ पासून चालत आलेल्या मूळ मरीन बँडमध्ये प्लेट लाकडावर खिळ्यांनी ठोकलेल्या असतात, तर डिलक्समध्ये त्या स्क्रूने बसवलेल्या असतात. डिलक्सला जुळतो तो मरीन बँडच्याच क्रॉसओव्हर या मॉडेलचा जोड, जरी क्रॉसओव्हरचा सांगाडा बांबूचा आणि डिलक्सचा पेअरच्या लाकडाचा असला तरी. म्हणजे डब्यावरचे कंपनीचे नाव नव्हे, तर पूर्ण मॉडेल विचारायला हवे. स्वर मात्र वेगळा असला तरी प्लेट बसते, आणि एकाच सांगाड्यावर दोन-तीन स्वरांचे जोड आलटून पालटून वापरता येतात.

या वेळी वाद्य, नको असलेला जोड आणि लहान स्क्रूड्रायव्हर अशी तिन्ही सोबत घेऊन मी सकाळच्या बसने पणजीला गेलो. मी मुद्दाम बुधवार निवडला होता, कारण शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराच्या गर्दीतून बाहेर पडण्यातच वेळ जातो आणि रविवारी बरीच दुकाने बंद असतात. गोव्यात दुकाने दुपारी एकच्या सुमारास मिटतात आणि तीन-चारपर्यंत उघडत नाहीत, तेव्हा दोन शहरे एका दिवसात करायची असतील तर पहिले शहर दुपारच्या आत संपवावे. पणजीत गिटार, व्हायोलिन आणि नवे माउथ ऑर्गन भरपूर दिसले, पण सुटे भाग म्हणून तारा आणि व्हायोलिनचे रोझिन यांच्या पलीकडे काही नव्हते. चोवीस छिद्रांचे ट्रेमोलो वाद्य सर्वत्र मिळते. मात्र त्याच्या प्लेटचा आपल्या दहा छिद्रांच्या वाद्याला काही उपयोग नाही.

पणजीच्या कदंब स्थानकावरून मडगावला विनाथांबा शटल बस सुटते. खिडकीवर तिकीट घेऊन रांगेत उभे राहिले की झाले. मडगावचे स्थानक शहराच्या मध्यापासून दूर आहे, म्हणून पालिका उद्यानाच्या बाजूला जाणारी दुसरी बस किंवा मोटारसायकल पायलट (भाड्याने प्रवासी नेणारा मोटारसायकलस्वार) घ्यावा. तिथल्या एका जुन्या दुकानात मी काउंटरवरच वरचे-खालचे झाकण उघडून प्लेट दाखवली, आणि त्या एका कृतीने सगळे संभाषण बदलले. दुकानदारांनी मुंबईच्या घाऊक विक्रेत्याला फोन लावला, मी पूर्ण मॉडेल सांगितले, आणि डिलक्सचा जोड नसला तरी क्रॉसओव्हरचा आहे असे उत्तर आले. किंमत नव्या वाद्याच्या निम्म्याहून अधिक निघाली. ती जास्त वाटू शकते, पण जोडात दोन्ही प्लेट आणि वीसही नवे सूर येतात, हे लक्षात घेऊन मी आगाऊ पैसे दिले आणि पावतीवर मॉडेल व स्वर लिहून घेतले.

जोड यायला पंधरवडा लागणार होता. परतताना मी सरळ पणजीला न येता फोंड्याकडे वळलो, कारण तिथे पेटी दुरुस्त करणारे एक ज्येष्ठ कारागीर आहेत. वाटेत जुवारी नदीवरचा बोरीचा पूल लागतो. संवादिनीवादक पंडित तुळशीदास बोरकर याच बोरी गावचे. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. भजनाच्या पेट्या घरोघरी असलेल्या या भागात रीड समजणारी माणसे असतील, हा माझा अंदाज खरा ठरला. कारागिरांनी भिंगाखाली पट्टी पाहिली आणि म्हणाले, "हा नुसता उतरलेला नाही, दमलाय." पेटीत प्रत्येक सूर आपल्या स्वतंत्र पितळी चौकटीवर असतो आणि स्क्रू काढून एकटा बदलता येतो, माउथ ऑर्गनमध्ये दहा-दहा पट्ट्या एकाच प्लेटवर रिव्हेट केलेल्या असतात, म्हणून सहसा प्लेटच बदलावी लागते. नियम मात्र दोन्हीकडे एकच आहे: टोकाकडे घासले की सूर चढतो, मुळाकडे घासले की उतरतो. त्यांनी टोकाला अगदी हलका हात फिरवून 'डी' जागेवर आणली आणि ती आठ-दहा दिवसांहून जास्त टिकणार नाही असे स्पष्ट सांगितले. ती बारा दिवस टिकली.

त्यांनी दिलेला एक सल्ला खर्च वाचवणारा आहे. गोव्याच्या दमट हवेत पितळेवर हिरवट पुटे चढतात, आणि पट्टीच्या टोकाशी साचलेला मळही सूर उतरवतो. त्यामुळे प्लेट मागवण्यापूर्वी झाकण उघडून मऊ ब्रशने, मुळाकडून टोकाकडे, पट्टी स्वच्छ करून पाहावी. सूर जागेवर आला तर दोष मळाचा होता. चार दिवसांत पुन्हा उतरला तर चीर आहे असे समजावे.

जोड आल्यावर मडगावला पुन्हा गेलो आणि पैसे चुकते करण्याआधी दुकानातच जुन्या प्लेटवर नवी ठेवून स्क्रूची सगळी छिद्रे जुळवून पाहिली. बसवताना दिशा चुकवू नये: फुंकरीची प्लेट वर येते आणि तिच्या पट्ट्या सांगाड्याच्या आत राहतात, ओढीची प्लेट खाली येते आणि तिच्या पट्ट्या बाहेरून दिसतात. स्क्रू मधून कडेकडे, आलटून पालटून आवळावेत; एकच बाजू आधी घट्ट केली तर हवा गळते. लाकडी सांगाडा पाण्यात बुडवू नये, तो फुगतो. पहिले काही दिवस मी हळू आवाजात साधे सूरच वाजवले आणि चौथ्या छिद्रावर जोराची ओढ टाळली.

जुन्या प्लेट मी तेलकट कागदात गुंडाळून ठेवल्या आहेत. त्यांतले एकोणीस सूर शाबूत आहेत, आणि फोंड्याच्या कारागिरांनी पुढच्या वेळी त्यांतली एखादी पट्टी काढून नव्या प्लेटवर बसवून पाहण्याची तयारी दाखवली आहे.