आमच्या दंडारीच्या चालीवर दावा, आणि ते तीस दिवस

दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाली की आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकाला वाजवणाऱ्याला झोप नसते. रात्री पडदा उघडतो, नाटक संपेपर्यंत तांबडं फुटतं. होळी झाली की ऑर्गनवर चादर पडते आणि तोच माणूस तेंदूपत्त्याला नाहीतर मजुरीला जातो. या रिकाम्या महिन्यांवर हसत-गात एक मालिका करायची, हे माझ्या डोक्यात दोन वर्षं होतं. पुतण्यानं मोबाइलवर ‘फ्लाइट ऑफ द कॉन्कॉर्ड्स’ दाखवली तेव्हा धीर आला. एचबीओची २००७ सालची मालिका. न्यूझीलंडचे दोघं न्यूयॉर्कात बँड चालवायला धडपडतात, आणि बोलता बोलता मधेच गाऊ लागतात. दोनच माणसांचा बँड, तरी त्यांचा मॅनेजर बैठकीत हजेरी घेतो. निम्मी भाषा कळली नाही, पण ती हजेरी ऐकून मला आमचं होळीनंतरचं मंडळ दिसलं.

पहिला भाग मे महिन्यात सहा दिवसांत झाला. गोष्ट साधी: ऑर्गनवाला आणि तबलजी लग्नात वाजवायला जातात, तर तिथे डीजे आधीच उभा. तबलजीला बिदागी मागायची असते, पण तोंडातून शब्द निघत नाही. मग तो दंडारीच्या, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याच्या, जुन्या चालीवर गाऊन मागतो. गाणारे आमचे बुवा, वय सत्तरच्या पुढे. ही चाल त्यांच्या वडिलांच्या तोंडची.

वडशाला जाऊन यूट्यूबवर भाग चढवला. गावभर सांगून ठेवलं होतं, संध्याकाळी सात वाजता. सातला फोनवर फोन: “भाऊ, दिसत नाही जी!”

एका कॅसेट कंपनीनं कॉपीराइटचा दावा ठोकला होता. सहाव्या मिनिटापासूनचं गाणं त्यांचं म्हणे, आणि म्हणून भारतात भागच बंद. त्यांच्या कुठल्याशा गायकानं हीच चाल कधीतरी रेकॉर्ड केली असावी. आमचा आवाज, आमचा ऑर्गन, आमचा तबला, आणि मालक ते! आज लिहितानाही माझं डोकं तापतं.

पडद्यावर तीन सोपे रस्ते दिसतात: तेवढा तुकडा काप, आवाज बंद कर, नाहीतर गाणं बदल. मंडळातले दोघं म्हणाले, “काप ना, कायले झंझट.” पण बिदागीचं गाणं काढलं तर भागात उरतं काय? बुवा काहीच बोलले नाहीत. ते गप्प बसले, म्हणूनच मी कापलं नाही.

चौथा रस्ता हरकत घेण्याचा. तिथे खोटी हरकत घेतली तर खातं जाऊ शकतं अशी ताकीद असते, ती वाचून हात थांबतो. थांबू नका, पण आपलं खरं काय ते आधी नीट तपासा. परंपरेनं आलेल्या लोकचालीवर कुणाची मालकी नसते. कंपनीचा हक्क तिच्या स्वतःच्या रेकॉर्डिंगवर, किंवा तिनं नवीन रचलेल्या भागावर. तिच्या रेकॉर्डिंगचा एक सेकंदही आपण वापरला नसेल तर तेच लिहायचं. मी आधी पानभर संताप लिहिला आणि पुसला. मग चार वाक्यं लिहिली: चाल पारंपरिक आहे, शब्द आमचे, गायन-वादन आमचं, मूळ रेकॉर्डिंग आमच्याकडे आहे. खाली पूर्ण नाव टाकलं.

हे लिहायला अर्धा तास, आणि उत्तर द्यायला कंपनीला तीस दिवस! फोन लावायला नंबर नाही, जाऊन उभं राहायला टेबल नाही. पाऊस आला, पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, वाढले, रोवणी लागली. मी रोज बांधावरून पाण्याच्या टाकीकडे जायचो, कारण रेंज तिथेच. रोज तेच, उत्तर नाही. दंडार म्हणणारी म्हातारी माणसं हयात असताना त्यांचीच चाल त्यांना नाकारली जाते, आणि नाकारणाऱ्याला महिनाभर तोंड उघडावं लागत नाही, हे मला मान्य नाही.

हो, एक सांगायचं राहिलं. चढवताना जाहीर करण्याआधी ‘तपासणी’ची पायरी येते, दावा असला तर बहुतेक तिथेच दिसतो. भाग खासगी ठेवून ती पूर्ण होऊ द्या, मगच गावाला वेळ सांगा. चित्रीकरणात मागे डीजेचं सिनेमातलं गाणं येऊ देऊ नका, तिथे हरकत टिकणार नाही. आणि गाण्याचं न कापलेलं रेकॉर्डिंग जपून ठेवा.

कंपनीनं शेवटपर्यंत उत्तर दिलं नाही. मुदत संपली आणि दावा आपोआप गळाला. बुवा तेव्हा धानाच्या बांधीत होते, चिखलाच्या हातांनी त्यांनी मोबाइल धरला नाही, मीच समोर धरला. संध्याकाळी त्यांच्या मुलीचा पुण्याहून फोन आला. “बाबा, एकच कडवं घेतलं का?” बुवांनी उरलेली दोन कडवी फोनवरच म्हटली.